मनगटाची मोजणी

६ जानेवारी, मंगळवार

मी दमलेलो नव्हतो. हे आधी लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत अख्ख्या यवतमाळात उलटंच पसरलेलं असेल.

आज अंगारकी म्हणून रत्नप्रभेला घेऊन कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. दर्शन छान झालं. देऊळ जमिनीच्या खाली, त्यामुळे जाताना पायऱ्या उतरायच्या आणि येताना त्याच चढायच्या. अर्ध्या पायऱ्या चढून आलो तर हिनं माझं कोपर धरलं आणि म्हणाली, "दमले ना तुम्ही? बसा घडीभर." मी म्हटलं, "मी कायले दमतो?" पण हात काही सुटेना. मागून गर्दी ढकलत होती. देवाच्या दारात तमाशा नको म्हणून भिंतीला टेकून बसलो. तीही बसली. तेवढ्यात आमच्या गल्लीतली अर्पिता सासूला घेऊन वर येत होती, तिनं विचारलं काय झालं. तर ही काय म्हणावी? "काही नाही गं, यांना जरा दम लागला."

मी भूमी अभिलेख खात्यातला भूकरमापक. अख्खी नोकरी मारेगावच्या काळ्या मातीत, पऱ्हाटीच्या धसकटांतून साखळी ओढत शेतं मोजली. नंतर यंत्रं आली, तीही खांद्यावर वाहिली. मला पायऱ्यांनी दम लागतो म्हणे.

घरी येईपर्यंत हिच्याशी बोललो नाही. तीही रुसल्यासारखी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोपली. चोराच्या उलट्या बोंबा.

७ जानेवारी

म्हटलं होतं ना? शाल्मलीचा पुण्याहून फोन. आईनं कालची सगळी हकीकत तिला सांगितली होती, मीठमसाल्यासकट. "बाबा, तुम्ही एक फिटनेस बँड घ्या. मनगटाला लावायचा. हार्ट रेट, झोप, ऑक्सिजन, सगळं कळतं. ते मला इथे मोबाइलवर दिसेल."

म्हणजे मी यवतमाळात झोपलो की पुण्यात कळणार. जनावराच्या कानात बिल्ला मारतात, तो निदान सरकार मारतं. मी म्हटलं, माझी प्रकृती ठणठणीत आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तर म्हणते, "आई रोज सांगते की बाबा हल्ली फार दमतात." रोज! माझ्या पाठीमागे रोज अहवाल जातोय आणि मला त्याची साधी प्रतही नाही.

फोन ठेवल्यावर हिला विचारलं, "कायले सांगतेस त्या पोरीले असं?"

ही तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काळजी घेते ती तुमची. घ्या न एखादा पट्टा. काहून चिडता?"

मी चिडलेलो नाही. मी नोंद घेतोय.

९ जानेवारी

सकाळी हिच्यासोबत फिरायला गेलो तर मैदानावर किसनराव भेटले. यांची शेती राळेगावकडे, कपाशी आणि तूर; मुलासाठी इथे घर बांधलं आणि आता स्वतःच इथे राहतात. त्यांच्या मनगटावर काळा पट्टा. मला दाखवून म्हणाले, "साहेब, घेऊन टाका तुम्ही बी एक. पोरानं देल्ला मले. उलिसा बसून राह्यलो का थरथरते हातावर. म्हणते, ऊठ."

"आणि तुम्ही उठता?"

"उठा लागते न बापा. नाही तं पोरगा फोन करते."

ज्या माणसाच्या आवाजानं सालदार गडी बैल सोडून पळत, तो आता पट्ट्याच्या सांगण्यावरून उठबस करतो. मला कोणत्याच तहसीलदारानं कधी ऊठ म्हटलं नाही.

परतीच्या वाटेवर नाल्याचा पूल लागतो. त्याच्या कठड्यापाशी आलो आणि आज पुन्हा तेच. "दमले तुम्ही. बसा." किसनरावांसमोर. किसनराव माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागले की मला त्यांचाच राग आला. बसलो. न बसून सांगू कुणाला? ही शेजारी बसून पदरानं तोंड पुसत होती. इतक्या थंडीत घाम पुसण्यासारखं काय होतं, तिलाच माहीत.

११ जानेवारी, रविवार

संक्रांत आली म्हणून शकुबाई कासारीण टोपली घेऊन आली. ती आमच्याकडे शाल्मलीच्या जन्माआधीपासून येते. मी ओसरीवर पेपर वाचत होतो, पण कान उघडे होते.

"बाईले आता सव्वादोनचं माप नाही चढत. अडीचच घ्या लागते."

मी पेपर खाली ठेवला. मी म्हटलं, "शकुबाई, या घरात लग्नापासून सव्वादोनचं माप आहे. माप असं बदलत नसतं. तुमच्या कारखान्यावाल्यांनी बांगडी लहान केली आणि नाव तेच ठेवलं. साबणाची वडी लहान केली तशी."

"नाही जी, बांगडी तेच आहे."

"मग काय हात वाढला?"

रत्नप्रभा मध्येच म्हणाली, "राहू द्या न. भर वो शकुबाई, अडीचच भर."  जुन्या मात्र काढल्या नाहीत. निघत नव्हत्या म्हणे. त्यांच्यामागून नवीन घातल्या. जाताना शकुबाई दारात घुटमळली, तिला मला काहीतरी सांगायचं होतं बहुतेक, पण माझा चेहरा पाहून गेली. जनाची नाही तर मनाची असेल थोडी.

मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. आमच्या ऑफिसात इंद्रजित म्हणून एक होता. मारेगावला एका वादात मोजणीला गेला. खुणा बरोबर, आकडे बरोबर, नकाशा असा की फ्रेम करून लावावा. फक्त मोजला तो शेजारचा गट. ज्याची तक्रार होती त्याच्या शेतात त्यानं पाऊलही टाकलं नव्हतं. "मोजणी तर बरोबर आहे न, साहेब," हे त्याचं उत्तर. ते आठवलं की मला आजही हसू येतं.

१३ जानेवारी

आजच्या दोन तक्रारी.

पहिली, माझी उशी. आठ दिवसांपासून माझी उशी हिच्या डोक्याखाली आहे आणि मी चादरीची घडी घेऊन झोपतो. विचारलं तर म्हणते, मान अवघडते. दोन उशांनी मान जास्तच अवघडेल, पण ते समजावून सांगणार कोण? रात्री तर उठून बसूनच असते. मी म्हटलं, झोप. म्हणाली, "तुम्ही घोरता."

दुसरी, गच्ची. तीळ वाळत घालायचे, मला पाठवलं. तीळ खाली आणायचे, मला पाठवलं. कपडे, पुन्हा मीच. साऱ्या जगाला सांगायचं की हा माणूस दमतो, आणि जिने चढायला त्यालाच लावायचं. यात काही तर्क आहे का? मी तोंडावर विचारलं. हसली आणि म्हणाली, "व्यायाम होते न तुमचा." मग दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

१६ जानेवारी

केवळ माहितीसाठी म्हणून बबलूच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. घ्यायला नाही.

बबलूनं काचेखालून दहा प्रकारचे पट्टे काढले. मी विचारलं, हा मोजतो कसा? म्हणाला, "खालून हिरवा लाइट मारते साहेब, रगत वाहते ते दिसते त्याले." मी विचारलं, याची मोजणी प्रमाणित कोण करतं? आमच्या यंत्राची दर ठरावीक काळानं तपासणी व्हायची, याची कोण करतं? त्याला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, माझे आकडे कुठे जातात? म्हणाला, "क्लाऊडमंधी." मी म्हटलं, बाप दाखव नाही तर श्राद्ध कर. त्यानं कंपनीचा नंबर दिला.

घेतला नाही. यावर मी ठाम आहे.

१८ जानेवारी, रविवार

आज हद्द झाली.

हिचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी सगळ्या आळीला बोलावते, स्वतः वाकून प्रत्येकीला हळदीकुंकू, तिळगूळ, वाण देते, एकीलाही हात लावू देत नाही. यंदा खुर्ची टाकून बसली आणि सगळं अर्पिताच्या हातून करवलं. चांदीची अत्तरदाणीसुद्धा त्या पोरीच्या हातात. मी आतल्या खोलीत होतो. बायका विचारत होत्या, काकू, यंदा इतक्या लवकर आटोपलं? आणि माझ्या कानांनी ऐकलं, "यांना बरं नसतं गं हल्ली. जास्त गडबड नको."

मग त्या बायका एकेक करून माझ्या खोलीत डोकावून गेल्या. एकीनं विचारलं, काका, जेवण जातं का? दुसरी म्हणाली, माझ्या मामेसासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. पुढे काय झालं ते मात्र सांगितलं नाही. मी पलंगावर बसून पेपर वाचतोय, धडधाकट, आणि माझ्यासमोर माझं तेरावं चाललंय.

बायका गेल्यावर मी बरंच बोललो. जे आता लिहिण्यासारखं नाही तेही बोललो. ही खुर्चीतच बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "झालं? आता तेवढी चटई उचला."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी. आता ठरलं. उद्या पट्टा घेणार. यांच्या सांगण्यावरून नव्हे, यांना खोटं पाडण्यासाठी. पुरावा पाहिजे न? देतो पुरावा.

१९ जानेवारी

घेतला. काळा. बबलूनं मोबाइलशी जोडून दिला. शाल्मलीला फोन करून रीतसर कळवलं की मोजणी सुरू झाली आहे, सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. ती हसली. रत्नप्रभेलाही सांगितलं. म्हणाली, "बरं केलं. आता माझ्या जिवाला घोर नाही."

२२ जानेवारी, गुरुवार

निकाल लागला. माझी नाडी उत्तम. झोप उत्तम, उशी नसताना. ऑक्सिजन उत्तम. मुद्दाम मैदानाला जास्तीच्या फेऱ्या मारल्या, गच्चीचा जिना वरखाली केला, तरी पट्टा तक्रार करायला तयार नाही. किसनरावांच्या पट्ट्याशी ताडून पाहिलं. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही तं माह्यापेक्षा जवान निंगाले."

लगेच शाल्मलीला फोन. एकेक आकडा वाचून दाखवला. तिनं दोन आकडे पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, "मग आई का म्हणते तुम्ही दमता म्हणून?"

मी म्हटलं, "ते तुझ्या आईला विचार. तिला सवय लागली आहे."

"आई कशी आहे, बाबा?"

"तिला काय धाड भरली आहे? मस्त आहे. दोन दोन उशा घेऊन झोपते."

जिंकलो तो दिवस म्हणून आजची नोंद ठळक करतोय.

२५ जानेवारी, रथसप्तमी

दवाखान्यात लिहितोय. परवा काय झालं ते क्रमानं लिहितो, कारण डोक्यात क्रम राहत नाहीये.

शुक्रवारी सकाळी मैदानावरून परत येत होतो. पुलाचा कठडा आला. ही म्हणाली, "दमले तुम्ही. बसा." मी याच वाक्याची वाट पाहत होतो. मनगट तिच्या नाकासमोर धरलं. "हे पाह्य. मशीन म्हणते मी दमलो नाही. आता बोल."

तिनं पट्ट्याकडे पाहिलं. म्हणाली, "बरं. मशीन खरं." आणि बसली.

मी उभा होतो. मी बसलो नाही, तरी ती बसली. मी विचारलं, "मग तू कायले बसलीस?" ती तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. एक हात कठड्यावर दाबून धरला होता आणि ओठांचा रंग मला ओळखू आला नाही.

तरीसुद्धा माझ्या डोक्यात काय आलं? की ही मशीनवर विश्वास ठेवत नाही, तर हिच्या हाताला लावून दाखवू, हिचं पण माझ्यासारखंच येईल. पट्टा काढला. तिचा हात घेतला. बांगड्या वर सरकवायला गेलो तर सरकेनात. जुन्या सव्वादोनच्या मांसात रुतल्या होत्या, आणि माझं बोट जिथे दाबलं गेलं तिथे खड्डा पडला. तो भरून येईना. पट्टा कसाबसा मनगटाच्या हाडाजवळ बसवला, त्याचं शेवटचं भोकही पुरलं नाही, मी हातानंच दाबून धरला.

आकडा लिहीत नाही. आयुष्यभर आकडे लिहिले, हा लिहिणार नाही.

पट्टा थरथरायला लागला. तिनं मलाच विचारलं, "तुमचं काही वाईट आलं का?"

इंद्रजितवर मी इतकी वर्षं हसलो. माझी मोजणी अचूक होती, गट चुकला होता.

किसनराव मागून येत होते, त्यांनी घरची गाडी काढली, तिच्यातून दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय नीट पंप करत नाही, अंगात पाणी साचलंय, कितीतरी आठवडे झाले असतील. विचारलं, चढताना धाप? आडवं झाल्यावर गुदमरतं? हाता-पायावर सूज? प्रत्येक प्रश्नाला ती माझ्याकडे पाहत होती, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. पायऱ्या, उशी, बांगडी. मीच तर त्यावर भांडलो होतो.

सलाईन लावायला एक नर्स आली आणि म्हणाली, "काकू, बांगड्या फोडाव्या लागतील." मी असा ओरडलो की सगळा वॉर्ड फिरून पाहू लागला. "फोडायच्या? मी जिवंत आहे अजून. माझ्यासमोर हा शब्द?" बिचारी घाबरली. मग साबणाचं पाणी आणलं आणि एकेक करून उतरवल्या. एक तडा जाऊन वाढलीच. रत्नप्रभेनं डोळे मिटून घेतले. बाकीच्या माझ्या शर्टाच्या खिशात आहेत, वाकलो की वाजतात.

शाल्मली काल पहाटे पोचली. आधी रडली, मग आईवर चिडली. माझीच मुलगी. "आई, तू मला रोज सांगत होतीस की बाबा दमतात."

ही म्हणाली, "हो. त्यांना बसवलं की मलाही बसता येत होतं."

मी म्हटलं, "सरळ मले सांगता येत नव्हतं? मी दमली, मले बसू द्या, एवढं म्हणायले काय जात होतं?"

नाकात नळी, तरी हसली. "तुम्ही दमले म्हटलं की तुम्ही रागावता. मी दमली म्हटलं असतं तर तुम्ही घाबरले असते. तुम्हाला राग झेपते. घाबरणं झेपत नाही."

यावर मला फार राग आला. अजूनही आहे. कुणावर ते आत्ता ठरवता येत नाही.

२ फेब्रुवारी

घरी आणलं. पाणी उतरलं, गोळ्या आयुष्यभराच्या. डॉक्टरांनी सांगितलं की रोज थोडं चालायचं, दम लागायच्या आत बसायचं आणि नाडीवर लक्ष ठेवायचं. म्हणजे पट्टा तिचा.

तर ही म्हणते, काळा नको. सुवासिनीच्या हातात नुसता काळा पट्टा, लोक काय म्हणतील? पूर्वीचा मी असतो तर यावर अर्धं पान लिहिलं असतं. आज उठलो आणि बबलूकडे गेलो. म्हटलं, हिरवा पट्टा दे. त्याच्याकडे निळा होता, गुलाबी होता, चित्त्याच्या ठिपक्यांचासुद्धा होता. हिरवा नाही. मी त्याला भर दुकानात सुनावलं. या देशात हिरव्या बांगड्या घालणाऱ्या बायका काय कमी आहेत? कंपनीला एकीच्याही हाताकडे पाहावंसं वाटलं नाही? बबलू म्हणाला, "साहेब, मागवून देतो, पण गरम नका होऊ." मी गरमच राहिलो.

७ फेब्रुवारी

हिरवा आला. शकुबाईला बोलावलं. तिनं त्या दिवसाचं काढलं नाही. दोन्ही हातांत सव्वादोनचं माप सहज चढलं. डाव्या हातात आधी पट्टा, मग बांगड्या. शकुबाईनं तो जरा फिरवून सारखा केला आणि म्हणाली, "शोभते."

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज पहिल्यांदा मैदानावर नेलं. शाल्मली परवाच पुण्याला परतली, आता तिथे बसून आईचे आकडे पाहते. मला काही म्हणत नाही.

एक फेरी झाली. किसनराव होते, त्यांची दोन-चार मंडळी होती. सगळ्यांनी विचारपूस केली. ही सगळ्यांना म्हणत होती, मला काय झालंय, मी बरी आहे. चालणं जरा भरभर झालं. चारचौघांत ही कधीच थांबणार नाही, हे मला आता ठाऊक आहे. पुलाचा कठडा दिसायला लागला. तिचा हात माझ्या कोपरापाशी आला नाही. आता ते वाक्य म्हणायची तिला लाज वाटत असावी.

मी थांबलो. म्हटलं, "किसनराव, तुम्ही व्हा पुढे. मी दमलो. बसतो घडीभर."

मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि बसलो. किसनराव माझ्याकडे पाहतच राहिले. "काय सांगता साहेब? तुमचे तं आकडे येकदम फस्कलास होते."

रत्नप्रभा माझ्याशेजारी टेकली. पदर सावरला, बांगड्या मागे सारून पट्ट्याकडे एकदा पाहिलं, श्वास जागेवर येऊ दिला आणि मग त्या सगळ्यांना म्हणाली, "मी म्हणत नव्हती? दमतात हे हल्ली."

मी मान डोलावली.